जामीन कोण राहणार?

युरोपात चार दिवस जाऊन यायचं ठरलं, की कोल्हापूरच्या माणसाला आनंदाच्या आधी राग येतो. राजारामपुरीतल्या माझ्या छोट्या ऑफिसात मी युरोपच्या व्हिसाचे अर्ज भरून देते, त्यामुळे हा राग माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. शिरोलीच्या एमआयडीसीतला फौंड्रीवाला ड्युसेलडॉर्फच्या ‘गिफा’ प्रदर्शनाला निघालेला असतो. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला ‘इट्मा’ प्रदर्शन बघायचं असतं. ताराबाई पार्कातल्या आजींना म्युनिकला लेकीच्या बाळंतपणाला जायचं असतं. मी कागदांची यादी पुढे सरकवते आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांच्या तोंडून तेच निघतं : “मॅडम, आम्ही काय तिकडं लपून राहणार हाय व्हय? बँकेचं स्टेटमेंट कशाला, इन्कम टॅक्सचे रिटर्न कशाला? आणि शेताचा सातबारा त्या जर्मन सायबाला कळतोय तरी का?”

पुढचं वाक्यही ठरलेलं. “पूर्वी असलं काही नव्हतं. आपले महाराज गेलेच की युरोपला.”

महाराज गेले होते, हे खरं. आजच्यासारखा कागदांचा गठ्ठा नव्हता, हेही खरं. पण तेव्हा कुणी काही विचारत नव्हतं, हे काही खरं नाही. इथून युरोपला निघालेल्या माणसाला दीडशे वर्षं एकच प्रश्न विचारला जातोय : तुझा जामीन कोण? विचारणारा बदलला, विचारायची जागा बदलली. जामीन कधी सरकार होतं, कधी जात, कधी प्राचार्यांचं राहतं घर. आज तो सहकारी बँकेतल्या ठेवीच्या पावतीत बसलाय, एवढंच.

छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली युरोपच्या प्रवासाला गेले तेव्हा त्यांचं वय वीस. कोल्हापूरला रेल्वे यायला अजून एकवीस वर्षं होती. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. गादीवर असलेल्या हिंदू राजाने विलायतेला जाणं ही तोवर जवळजवळ न घडलेली गोष्ट होती.

त्या वेळचा पश्चिम युरोप प्रवाशाला आजच्यापेक्षा पुष्कळ मोकळा होता. रेल्वेने माणसांचे लोंढे सीमा ओलांडू लागले, तेव्हा प्रत्येकाचा परवाना तपासत बसणं चौकीवरच्या शिपायाच्या आवाक्याबाहेर गेलं. १८६० नंतर एकेका देशाने पासपोर्टची सक्ती सैल केली. फ्रान्सने ब्रिटिश प्रजेला ती माफ केली, उत्तर जर्मन संघाने १८६७ मध्ये तसा कायदाच केला. रशिया आणि तुर्कस्तानात मात्र परवाना लागत असे. इंग्लंडच्या बंदरात उतरणाऱ्या परक्याला अडवणारा पहिला आधुनिक कायदा १९०५ सालचा, म्हणजे महाराज गेले त्यानंतर पस्तीस वर्षांनी आलेला.

तेव्हा तिकडे पाऊल ठेवताना महाराजांना कुणी कागद मागितला नसेल. पण इथून पाऊल उचलताना? १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर कोल्हापूरच्या कारभारावर इंग्रजांची करडी नजर होती. पोलिटिकल एजंट इथे बसलेला. सरकारच्या संमतीवाचून राजाला राज्याची वेससुद्धा सहज ओलांडता येत नव्हती. संमती मिळाली, तीही सोबत इंग्रज अधिकारी घेऊन जाण्याच्या बोलीवर. कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा तो अधिकारी. राजाचा जामीन ब्रिटिश सरकार होतं, आणि जामीन स्वतःच बोटीवर शेजारी बसून प्रवास करत होता. महाराज रोजनिशी लिहीत. ती याच वेस्टने संपादून १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली.

इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, भरपूर हिंडणं झालं. परत यायच्या वेळी मात्र युरोप पेटला होता. जुलैत फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध सुरू झालं, सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. फ्रान्सची वाट सोडून महाराजांचा परतीचा प्रवास बेल्जियम, जर्मनी असा होत आल्प्सपलीकडे इटलीत उतरला. वाटेत तब्येत बिघडत गेली. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांचं निधन झालं.

आणि मग, साऱ्या प्रवासात लागली नव्हती ती परवानगी लागली. फ्लोरेन्समध्ये माणसाला उघड्यावर अग्नी देण्याची रीत नव्हती, कायद्यातही तशी सोय नव्हती. सोबतच्या लोकांना तर दहनच करायचं होतं, तेही लगेच, आणि नदीकाठी. ब्रिटिश वकिलातीने रदबदली केली, नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि कॅशिने उद्यानाच्या अगदी टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, पहाटेपूर्वी अग्निसंस्कार झाला. जिवंत राजाला युरोपने कागद मागितला नाही. त्याच्या चितेला मागितला. तो मिळाला, कारण जामीन वजनदार होता. साध्या घरातला एखादा माणूस असता तर त्याला तिथल्याच मातीत पुरलं असतं.

त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँटचा. आपला नवा राजवाडाही त्यानेच रेखला. आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. शेजारून जाणाऱ्या, १९७८ मध्ये पुऱ्या झालेल्या पुलाला फ्लोरेन्सचे लोक ‘इंडियानो’चा पूल म्हणून ओळखतात.

सरकारची संमती हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा घरात होता. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्या, नाहीतर पंक्तीत बसू नका, असा तो काळ. म्हणजे आज व्हिसा देणारा तिकडच्या देशाचा असतो. तेव्हा तो आपल्याच गल्लीत राहत होता. तो जायच्या आधी फारसं बोलत नसे. आल्यावर मात्र दार लावून घेई.

याचा कोल्हापूरशी जोडलेला सगळ्यात धीट दाखला आनंदीबाई जोशी यांचा. पती गोपाळरावांची टपाल खात्यातली नोकरी कोल्हापुरात असताना त्यांनी, पूर्वी इथे मिशनरी असलेल्या रॉयल वाइल्डर यांना अमेरिकेला पत्र पाठवलं. बायकोला शिकवायचं आहे, मदत होईल का, असा त्याचा मतलब. त्या पत्रव्यवहारातून पुढची सगळी वाट निघाली. १८८३ मध्ये अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीने निघाली, तेव्हा तिला ना पासपोर्ट लागला ना व्हिसा. पण निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभं राहून तिला खुलासा द्यावा लागला : एकटी का जातेस, जातीने बाहेर टाकलं तर काय करशील? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं तिने सांगितलं. आजच्या अर्जाला जोडतात त्या कव्हरिंग लेटरमध्ये दुसरं काय असतं? कुठे जाणार, कशासाठी जाणार आणि जशी जाते तशी परत येणार. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन ती परतली. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागासाठी तिची नेमणूक केली होती. रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, ती पुण्यात गेली.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला हिंदुस्थानातले राजे लंडनला गेले, तेव्हाही ही घरची परवानगी ज्याने त्याने आपापल्या परीने सोडवली. जयपूरच्या माधोसिंहांनी तर प्रचंड चांदीच्या घागरींतून गंगाजळ बरोबर नेलं. राजर्षी शाहू महाराजही याच समारंभासाठी गेले होते. राजाच्या आजारपणामुळे २६ जूनचा समारंभ ९ ऑगस्टवर गेला. याच मुक्कामात केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना एलएल. डी. ही पदवी दिली. आणि महाराज विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखण्याचा हुकूम निघाला. ज्यांनी इतकी वर्षं समुद्र ओलांडण्याचा धर्म आणि अधर्म ठरवला, त्यांची सरकारी कचेरीतली मक्तेदारी मोडायला त्या हुकमाने सुरुवात केली. मला वाटतं, घरच्या त्या व्हिसाची मुदत तिथून संपत आली.

तो संपतोय तोच दुसरा आला. १९१४ चं महायुद्ध पेटलं आणि युरोपातल्या प्रत्येक देशाने सीमेवर पहारा बसवला. हेर येतील, शत्रूची माणसं शिरतील, सैन्यात जाण्याच्या वयाचे तरुण पळतील, अशा धास्तीने पासपोर्ट सक्तीचा झाला. युद्धापुरती म्हणून आलेली ही सोय युद्ध संपलं तरी गेली नाही. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद घेतली आणि पासपोर्टचं पुस्तक कसं असावं ते ठरवून दिलं : बत्तीस पानं, एक भाषा फ्रेंच. त्याच वर्षी हिंदुस्थानातही प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा आला. कोल्हापूरसारख्या संस्थानातल्या माणसाची त्यात आणखी एक गंमत होती. तो ब्रिटिश प्रजा नव्हता, संस्थानची प्रजा होता. म्हणून त्याच्या पासपोर्टावर ब्रिटिशांच्या संरक्षणातली व्यक्ती असा दर्जा लिहिला जाई. तुझा जामीन कोण, याचं उत्तर आता पहिल्याच पानावर छापून येऊ लागलं.

पासपोर्ट हा सरकारच्या हातातला लगाम कसा झाला ते लोकमान्य टिळकांच्या वाट्याला आलं. त्या प्रकरणालाही कोल्हापूरचा वास आहे. व्हॅलेंटाइन चिरोलच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० च्या पुस्तकात ‘पुणे आणि कोल्हापूर’ असं एक प्रकरणच आहे. या पुस्तकातल्या मजकुरावरून टिळकांनी लंडनला बदनामीचा दावा लावला. १९१८ च्या वसंतात होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन ते विलायतेला निघाले, कोलंबोपर्यंत पोहोचले आणि तिथे कळलं की पासपोर्ट रद्द. बोट समोर उभी, तिकीट हातात, आणि परत फिरा. पुढे दाव्यासाठी म्हणून पासपोर्ट मिळाला, पण विलायतेत राजकारण करायचं नाही या अटीवर. पुढे ती अट उठली, दावा मात्र १९१९ मध्ये टिळक हरले. इथे जामीन कोण होता? टिळकांनी स्वतःच्या जिभेला घातलेला आवर. जाण्याचा हेतू आणि तिथलं वागणं यांची लेखी हमी घेण्याची पद्धत आज प्रत्येक व्हिसा अर्जाच्या शेवटच्या पानावर आहे. सही करताना तो मजकूर कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

आता उलट्या दिशेची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हा इतिहास एकांगी राहील. युरोपच कोल्हापूरच्या दारात येऊन उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनने पोलंडमधून सैबेरिया आणि मध्य आशियात हाकललेली माणसं, जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर सुटली आणि इराणमार्गे वाट काढू लागली. त्यातली सुमारे पाच हजार माणसं, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारे, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आली. त्यांच्याजवळ बँकेचं स्टेटमेंट नव्हतं, परतीचं तिकीट नव्हतं, परतायला देश उरला होता की नाही हेही ठाऊक नव्हतं. जामीन होतं ते लंडनमध्ये परागंदा असलेलं पोलिश सरकार आणि इथलं ब्रिटिश सरकार. वळिवड्यात त्यांनी शाळा चालवल्या, चर्च चालवलं, आपली मुलं वाढवली. ‘नव्वद दिवसांच्या वर राहू नका’ असं त्यांना कुणी सांगितलं नाही; पाच वर्षं ती इथे होती. युद्ध संपल्यावर काही पोलंडला परतली, पुष्कळशी ब्रिटनला गेली, १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सामध्येही वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे फूल वाहिलं, तेव्हा आमच्याकडचे लोक एकदम म्हणू लागले, पोलंडचा व्हिसा तरी आपल्याला सहज मिळायला हवा. मिळत नाही. उपकाराची नोंद व्हिसाच्या नियमांत कुठेही होत नाही.

छावणी रिकामी होत असतानाच कोल्हापूरचा एक पैलवान युरोपला चालला होता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी संस्थान उरलं नव्हतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई राज्यात विलीन झालं होतं. संस्थान गेलं म्हणजे जामीन गेला. मग गावोगाव वर्गणी झाली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी २३ जुलै १९५२ ला कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांचे फड लढवून त्यांनी पैसे फेडले. कोल्हापुरात आजवर युरोपवारीला कुणी दिलेली हमी यापेक्षा भारी मला माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारने जामिनाची जागा घेतली आणि काही वर्षं ती फार घट्ट धरली. पासपोर्ट द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. परदेशी चलनाची टंचाई असल्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या पी फॉर्मशिवाय तिकीट निघत नसे, आणि साठच्या दशकात विमानात बसणाऱ्याच्या खिशात जेमतेम आठ डॉलर असत. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेने दिलेल्या स्वातंत्र्याचा भाग आहे. सरकारच्या लहरीवर पासपोर्ट नाकारता येणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्टचा कायदा झाला. मजा अशी की आपलं दार उघडत गेलं तसं तिकडचं बंद होत गेलं. ब्रिटनने १९६२ मध्ये राष्ट्रकुलातल्या लोकांच्या मुक्त प्रवेशाला आळा घातला आणि १९८६ मध्ये भारतीयांना व्हिसा सक्तीचा केला. त्याच वर्षी पॅरिसमधल्या बॉम्बस्फोटांनंतर फ्रान्सनेही युरोपीय समुदायातले देश आणि स्वित्झर्लंड सोडून बाकी सगळ्यांना व्हिसा लावला.

एका बाजूला ही दारं बंद होत असताना दुसऱ्या बाजूला युरोपने आपल्या आतल्या भिंती पाडायला घेतल्या. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीत नांगरलेल्या बोटीवर, पाच देशांनी करार केला : बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स. २६ मार्च १९९५ पासून तो अंमलात आला. इटली १९९७ मध्ये आत आला. आज २९ देश आहेत. एका व्हिसावर सगळीकडे हिंडता येतं, १८७० मध्ये हिंडता येत होतं जवळजवळ तसं. फरक एवढाच की तेव्हा आत शिरताना अडवणारं दार नव्हतं. आता आत भिंती नाहीत, म्हणून बाहेरचा दरवाजा भक्कम केलाय.

त्या दरवाजाचे नियम सांगणं हे माझं रोजचं काम. कुठल्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा हवा. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. नोव्हेंबर २०१५ पासून भारतात बोटांचे ठसे सक्तीचे आहेत, ते ५९ महिने चालतात. म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्या आजींना महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबईला, नाहीतर पुण्याला, बोटं टेकवायला जावंच लागतं. पासपोर्टचं तेवढं सोपं झालं. २०१७ पासून टपाल कार्यालयातलं पासपोर्ट सेवा केंद्र कोल्हापुरातच आहे. आणि हे सगळं होऊन व्हिसा चिकटला तरी सीमेवरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटोची संगणकी नोंद सुरू झाली आहे. एक दिवस जास्त राहिलात तर आता पानं उलटून मोजावं लागत नाही, यंत्रच सांगतं.

नकार येतो तेव्हा छापील कागदावर कारणांपुढे खूण असते. सगळ्यात झोंबतं ते कारण असं, की मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे. गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त शिक्षकांना एका वकिलातीने हे कारण दिलं होतं. मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, वीस एकर ऊस सोडून मी तिकडं भांडी घासायला राहीन, असं वाटलं त्यांना?” चूक अशी झाली होती की सातबारा मराठीतच जोडला होता, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर नव्हतं. ऊस होता, पण तिकडच्या टेबलावर तो दिसला नाही. दुसऱ्या खेपेला भाषांतर, साखर कारखान्याच्या बिलांचा हिशेब आणि पेन्शनची ऑर्डर जोडली. व्हिसा आला.

या व्यवस्थेतला खरा अन्याय मात्र मास्तरांच्या वाट्याचा नाही. त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं. ज्याच्याकडे हुन्नर आहे आणि कागद नाही, त्याचं काय? २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आल्या, नाव मात्र कोल्हापूरचं नव्हतं. इकडे ओरड झाली, पुढच्याच महिन्यात त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यात कारागिरांना इटलीत प्रशिक्षण देण्याची गोष्टही जाहीर झाली. चांगलंच आहे. पण सुभाषनगरातला चप्पल शिवणारा कारागीर स्वतःच्या हिमतीवर मिलान बघायला निघाला, तर रोखीत चालणाऱ्या धंद्याचं रिटर्न तो कुठून आणणार? त्याला आजही राजाराम महाराजांसारखाच मोठा जामीन लागतो, कंपनीचा नाहीतर सरकारचा.

आणि चंदगडच्या पुढे थोडं गेलं की गोवा. तिथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेला माणूस, त्याची मुलं, नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्व मागू शकतात. ते घेतलं तर भारताचं सोडावं लागतं, पण लिस्बनपासून बर्लिनपर्यंत कुणी अडवत नाही. सोयरीक असलेल्या दोन घरांपैकी एकाला सातबाऱ्याचं भाषांतर करावं लागतं, दुसऱ्याला आजोबांचा जन्मदाखला पुरतो. या नियमांना न्याय म्हणायचं धाडस मी करणार नाही. ते इतिहासाचे अपघात आहेत, कायद्याच्या भाषेत लिहिलेले.

तरीही एक बदल मी मनापासून मानते. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी खास नियम केला : गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, आणि तोही नीट वापरला तर पाच वर्षांचा. दीडशे वर्षांनी माणसाचं स्वतःचं वागणं त्याचा जामीन होऊ लागलं. सरकार नको, जातीचा दाखला नको, कुणाचं घर गहाण नको.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी तीन गोष्टी सांगते, वाचकांनाही त्याच सांगते. धंदा लहान असला तरी रिटर्न भरत जा. कारागिरांनो, तुम्ही तर नक्कीच. हॉटेलचं खोटं बुकिंग जोडू नका, कितीही स्वस्तात मिळालं तरी. आणि पहिल्या व्हिसावर गेलात की मुदतीच्या आधी परत या. फ्लोरेन्सला गेलात तर कॅशिने उद्यानाच्या टोकापर्यंत चालत जाऊन महाराजांची छत्री जरूर बघा. तिला तिकीट नाही.